गाळ्याचा ताबा मागताना नेमकं काय सिद्ध करावं लागतं

अमळनेरच्या बाजारपेठेतला आमचा गाळा आजोबांच्या वेळेपासून भाड्याने दिलेला होता. भाडेकरूकडून ताबा परत घेण्यासाठी दावा लावायचं ठरलं तेव्हा मालमत्ता पत्रक, घरपट्टीचा उतारा, वारसनोंद असा गठ्ठा घेऊन मी वकिलांकडे गेलो. त्यांनी तो बाजूला सारला आणि विचारलं, "भाडेपावत्यांच्या स्थळप्रती, म्हणजे पावतीपुस्तकात आपल्याकडे राहणारे अर्धे भाग, कुठे आहेत?"

प्रश्न बरोबर होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) यात घरमालक म्हणजे भाडं घेणारा किंवा घेण्याचा हक्क असलेला. ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकी भाडेकरूला नंतर नाकारता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ११६ मध्ये होतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. म्हणून सिद्ध दोनच गोष्टी करायच्या: भाडेकरूचं नातं आणि कायद्यात बसणारं कारण. काकांच्या सह्या मिळत नाहीत म्हणून अडून बसू नका, एका सहमालकालाही दावा लावता येतो.

नातं दाखवायला भाडेकरूची सही असलेल्या स्थळप्रती सगळ्यात भक्कम. त्या नसतील तर भाडं जमा झालेलं बँक पासबुक, मनीऑर्डरची कुपनं, भाडेकरूने कधीकाळी लिहिलेलं पत्र. नुसत्या झेरॉक्सला सहसा निशाणी क्रमांक (कोर्टाने पुरावा म्हणून दिलेला नंबर) पडत नाही, मूळ कागद लागतो. करारनामा नोंदवलेला नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. मुद्रांक कमी असेल तर कोर्ट कागद अडकवून ठेवतं; कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात येत नाही.

आता थकबाकी. सगळ्यांना हेच कारण सोपं वाटतं, आणि बरेच दावे इथेच घसरतात. त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यायची आणि ती *पोचल्यापासून* ९० दिवस थांबायचं. पाठवल्याच्या तारखेपासून मोजून दावा लावला तर तो मुदतीआधीचा ठरतो. पोचपावती किंवा पाकिटावरचा "घेण्यास नकार" हा शेरा जपून ठेवा. नोटिशीत महिने आणि रक्कम अचूक हवी, फुगवलेला आकडा उलटतपासणीत अंगाशी येतो. ३ वर्षांपेक्षा जुनं भाडं मुदतबाह्य, ते वसुलीत धरू नये. एवढं करूनही समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर या कारणावर ताबा मिळत नाही. त्याने पाठवलेले पैसे रागाने परत करणं हा तर शुद्ध मूर्खपणा: तो भाडं द्यायला तयार होता हे आपणच सिद्ध करून देतो. दाव्याचा हक्क राखून पैसे घ्या, पावती द्या.

म्हणून थकबाकीच्या जोडीला कलम १६ मधलं कारण लागतं. आमचं होतं स्वतःच्या वापराची खरी गरज, १६(१)(g). "मुलासाठी गाळा हवा" एवढं एक वाक्य पुरत नाही. मुलगा काय शिकला, कोणता धंदा करणार, भांडवल कुठून येणार, दुसरी जागा का चालत नाही, हे सगळं दाव्यातच मांडावं लागतं. दाव्यात नसलेली गोष्ट नंतर साक्षीत घुसवता येत नाही. आपल्या नावावर दुसरा गाळा असेल तर तो आपणच सांगावा आणि तो का चालत नाही तेही लिहावं. समोरच्या वकिलाने तो उकरून काढला की गरज खोटी वाटते.

यापुढे तुलनात्मक अडचण: ताबा दिल्याने भाडेकरूला जास्त त्रास होईल की न दिल्याने आपल्याला. भाडेकरूच्या नावावरच्या दुसऱ्या जागेचा घरपट्टी उतारा, गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणीवरचा पत्ता असे कागद इथे बोलतात. त्याने दावा लागल्यावर एकदाही दुसरी जागा शोधली नसेल तर उलटतपासणीत तेवढंच विचारावं. दुकान दाव्याआधी सलग ६ महिने विनाकारण बंद असेल तर ते वेगळं कारण होतं. तिथे महावितरणच्या बिलातली युनिटं साक्षीदारापेक्षा खरं बोलतात.

दावा चालतो कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे. सरतपासणी (आपल्या साक्षीदाराची आपल्या बाजूने होणारी साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, खरी कसोटी उलटतपासणीची. आपल्याकडचा एक धोका सांगतो. शेजारचा म्हातारा साक्षीदार अहिराणीत म्हणतो, "दुकान त्यासनं शे." त्याला म्हणायचं असतं की धंदा भाडेकरूचा आहे. मराठीत नोंद होते "दुकान त्यांचे आहे", आणि तो मालकीचा कबुलीजबाब वाटू लागतो. साक्ष सही करण्याआधी वाचून घ्यायला लावा आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा.

भाडेकरूला कंटाळून गाळ्याला आपलं कुलूप ठोकू नये. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ६ महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवतो, आणि तिथे मालकी कोणाची हे कोणी विचारत नाही.

निकाल लागला की जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, त्यापुढे औरंगाबाद खंडपीठ. स्थगिती नसेल तर दरखास्त (निकाल अमलात आणण्याचा अर्ज) दाखल करायची, मग ताबा वॉरंट घेऊन कोर्टाचा बेलीफ येतो. अचानक पोटभाडेकरू म्हणून कोणी आडवा आला तर त्याच दरखास्तीत हरकतीचा अर्ज करून निवाडा मागायचा, नवा दावा लागत नाही. आमचं घोडं मात्र चतुःसीमेवर, म्हणजे जागेच्या चारी बाजूंच्या वर्णनावर, अडलं. दाव्यात पूर्वेला जो बोळ लिहिला होता तो शेजाऱ्याने केव्हाच बांधून घेतला होता. जागा जुळत नाही असा अहवाल लिहून बेलीफ परत गेला. वर्णन दुरुस्तीचा अर्ज, सिटी सर्व्हेचा नकाशा, पुन्हा वॉरंट. दावा लिहिण्याआधी टेप घेऊन एकदा जागेवर गेलो असतो तर ते हेलपाटे वाचले असते.