कापडामागचं अंगण

अखेर आज लायक्राचा, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाचा, पडदा उभा राहिला. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, मागून प्रोजेक्टर, आणि बोट किती खोल रुतलं ते मोजणारा डेप्थ कॅमेरा. मूळ कल्पना टोकियो विद्यापीठातल्या आल्वारो कासिनेली यांच्या २००५ च्या ‘क्रोनोस प्रोजेक्टर’ची: पडदा जिथे दाबाल, तिथलंच चित्र काळात सरकतं.

मी वरच्या थरात गावच्या अंगणाचा आजचा फोटो ठेवला, त्याखालच्या थरात ३० वर्षांपूर्वीचा.

आजीच्या बोटांना फोनची काच दादच देत नाही, इतकी कोरडी पडलीत ती. इथे तिने आधी एका बोटाने चाचपलं, मग कणीक मळताना टेकवते तसा अख्खा तळवा टेकवला. सिमेंट विरघळत गेलं आणि तुळशीवृंदावन वर आलं. कापड हाताला उलट ढकलतं, तो ताणच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जुन्यापर्यंत पोचायला जोर लावावा लागतो. (कडेला चित्र अजून थरथरतं, तिथे कॅमेऱ्याचं माप डळमळतं.)

हात काढला की पुन्हा सिमेंट. म्हणून ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

“गोठा कुठाय गं?” एवढंच म्हणाली.

गोठ्याचा फोटो काकाकडे असेल. उद्या सकाळीच फोन करते.