हजेरीपुस्तकातली सही

यंदा महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात झेंडावंदन आटोपले की हजेरीपुस्तकात सही करायची आणि रानाकडे निघायचे, हा वडिलांपासूनचा शिरस्ता होता.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते, आणि पुढे भरणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा कायमची अडत नाही, ती आपल्यावाचून पार पडते आणि तिचे ठराव मात्र आपल्याला लागू होतात. एवढी साधी गोष्ट कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

नोकरीतही मी वेगळे काही केले नाही. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंदाचे पान उलटण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ म्हणणाऱ्यांत माझाही आवाज असे, कारण मागे नाश्त्याची रांग लागलेली असायची.

याची मला अधिक लाज वाटते, कारण मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली काढलेल्या या महाविद्यालयात श्रमाला शिक्षणाइतकेच स्थान होते. बागेत कुदळ मारताना आम्ही कुरकुरत असू, हे खरे. पण ज्या वाफ्याला आपण पाणी घातले तो सुकला तर विचारायचा हक्क आपला आहे, असे तेव्हा न शिकवता कळत होते.

आमच्या सूनबाईंना ते माझ्याआधी उमगले. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या समितीवर गेल्या, तेव्हा सुरुवातीचे काही महिने इतिवृत्ताची वही घरपोच सहीला येत असे. एके दिवशी त्यांनी सही न करता वही परत पाठवली आणि बैठक कधी आहे, एवढेच विचारले. पुढच्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाचा विषय निघाला. नळ अजून बसलेला नाही. पण वही आता घरी येत नाही, सूनबाईच शाळेत जातात.