आदिलशहाच्या डोक्यावर उभं राहून आरोळी

विजापूरला जायचं गेली पाच-सहा वर्षं नुसतं ठरत होतं. सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर, भीमा ओलांडली की पाट्या कानडीत सुरू होतात आणि मग दोन्ही बाजूला सपाट काळं रान, तुरी, ज्वारी, एवढंच. यावेळी डिसेंबरच्या सुट्टीत भाचा आलेला, चौथीत आहे, म्हणजे शिवाजी महाराजांचं इतिहासाचं पुस्तक अगदी तोंडपाठ, त्याने स्वतःहून विचारलं की मामा विजापूर म्हणजे आदिलशहाचंच ना, मग आपण का नाही गेलो कधी? याला काही उत्तर नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. (२०१४ पासून गावाचं अधिकृत नाव विजयपुरा झालंय, पण आपल्या तोंडात विजापूरच बसलंय, तर मी तेच लिहितो.)

गोल घुमट, म्हणजे मोहम्मद आदिलशहाची कबर, लांबूनच दिसायला लागतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा खरं सांगायचं तर मी थोडा नाराजच झालो, कारण ताजमहालासारखं नाजूक वगैरे काही नाही, एक भलामोठा चौकोनी दगडी ठोकळा, त्याच्या चार कोपऱ्यांना सात-सात मजली अष्टकोनी मिनार, आणि वर टोपी. कुणीतरी मोठ्या डब्यावर झाकण ठेवावं तसं. पुढे नगारखान्याची इमारत आडवी येते, तिच्यात आता म्युझियम आहे, ते ओलांडून पलीकडे गेलो आणि मग मान वर करून करून भाच्याची टोपी मागे पडली, तेव्हा कळलं की प्रकरण साधं नाहीये.

आत गेल्यावर तर दोन मिनिटं काही बोललोच नाही. एकच दालन. एका बाजूला साधारण ४१ मीटर, फरशीचं क्षेत्रफळ १७०० चौरस मीटरच्या आसपास, आणि एवढ्या जागेत एकही खांब नाही. आतून घुमटाचा व्यास अंदाजे ३८ मीटर, बाहेरून ४४. आमच्या गाईडने लगेच सुरू केलं, "दुनिया में दो नंबर का गुंबद है साब". आता हे काही खरं नाही, आजकाल स्टेडियमवर याच्यापेक्षा कितीतरी मोठे घुमट आहेत. पण हा बांधून झाला तेव्हाचा हिशोब धरला तर रोमचं पँथिऑन, फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल आणि सेंट पीटर्स असली दोन-तीन नावं सोडली तर याच्या पंगतीला बसेल असं जगात फारसं काही नव्हतं, आणि हे काम कुठे चाललेलं तर आपल्या दख्खनच्या दुष्काळी रानात. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा घुमटसुद्धा याच्यापेक्षा लहान आहे.

भाच्याचा प्रश्न मात्र बरोबर होता. खोली चौकोनी आहे आणि झाकण गोल, मग कोपऱ्यांचं काय केलं? मी खिशातून माझा आणि त्याचा असे दोन चौकोनी रुमाल काढले, एक जमिनीवर पसरला आणि दुसरा त्याच्यावर तिरका ठेवला, म्हणजे आठ टोकांची चांदणी होते आणि मधे अष्टकोन उरतो. इथे तेच केलंय, फक्त रुमालांच्या जागी कमानी. भिंतींतून निघालेल्या आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात, आतल्या बाजूला झुकतात, आणि वर एक गोल कडं तयार होतं. त्या कड्यावर घुमट बसवला. आणि गंमत म्हणजे घुमट कड्याच्या काठावर नाही, जरा मागे सरकवून बसवलाय, त्यामुळे पुढे साधारण अकरा फुटांचा सज्जा राहतो, आणि त्या सज्ज्याचं आतल्या बाजूचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला उलटं ओढून धरतं. तळाशी तीनेक मीटर जाडीचा तो विटा-चुन्याचा घुमट साडेतीनशेहून जास्त वर्षं असा वजनाच्या हिशोबावर तोललेला आहे. बांधणाऱ्याचं नाव याकूत, दाभोळचा, असं सांगतात. दाभोळ म्हणजे आपलं कोकणातलं, तेव्हा ते आदिलशाहीचं बंदर होतं. कोकणातला माणूस विजापुरात जाऊन एवढं करून बसला हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

मधे एक चौथरा आहे, त्यावर लाकडी छत, खाली कबरी. मोहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा. या वरच्या कबरी नुसत्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात. रंभा ही दरबारातली नर्तकी, सुलतानाची लाडकी. गाईडने तिची गोष्ट अगदी रंगवून सांगितली, की सुलतानाने तिला वर सज्ज्यात विचारलं, माझ्यावर एवढं प्रेम आहे तर उडी मारशील का, आणि तिने तिथल्या तिथे उडी मारली. ही दंतकथा, पुरावा काही नाही, पण इथे आवाज सात वेळा घुमतो हे भाच्याला माहीत होतं, त्याने ती ऐकली आणि बराच वेळ वर बघून म्हणाला, "मग मामा, ती पडली तो आवाजपण सात वेळा आला असेल का?" गाईडकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

दक्षिणेच्या दरवाजावर फारसी लेख आहे, तीन ओळी. फारसी अक्षरांना आकडे असतात, आणि या तिन्ही ओळींतल्या अक्षरांची बेरीज वेगवेगळी केली तरी तेच साल येतं, हिजरी १०६७, म्हणजे १६५६. मोहम्मद आदिलशहा गेला ते साल.

इथे मी जरा थांबलो. कारण हा माणूस आपल्याला माहीत कसा आहे? शहाजीराजांना कैद करणारा आदिलशहा. एवढंच. पुस्तकात त्याला चेहरा नाही, वय नाही, बाप नाही. आणि इथे त्याच्या डोक्यावर एवढा घुमट.

बाप होता दुसरा इब्राहिम. गाणारा, वीणा वाजवणारा, स्वतः दखनीत पदं लिहिणारा सुलतान, त्याच्याच पुस्तकात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे. त्याची कबर म्हणजे गावाच्या पश्चिमेचा इब्राहिम रोजा, तो मात्र नाजूक, दगडात जाळी आणि अक्षरं विणल्यासारखी. जुने अभ्यासक म्हणतात की बापाने कलाकुसरीची हद्द गाठून ठेवली होती, पोराला त्यात पुढे जायला वावच नव्हता, म्हणून त्याने आकार निवडला. मला हे पटतं. मोठ्या बापाच्या पोटी आलेल्या पोरांचं असंच होतं बहुतेक.

मोहम्मद १६२७ ला गादीवर आला, पोरसवदा वयात. सुरुवातीची वर्षं खवासखान आणि मुरार जगदेव हेच राज्य हाकत होते. मुरार जगदेव म्हणजे तोच, ज्याने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला म्हणतात. १६३५ ला ते दोघेही मारले गेले. मग १६३६ ला शहाजहानशी तह झाला, निजामशाही दोघांनी वाटून घेतली, आणि त्याच धामधुमीत निजामशाही वाचवायला शेवटपर्यंत लढलेले शहाजीराजे माहुलीला शरण येऊन आदिलशाहीच्या चाकरीत आले. हा तह फार महत्त्वाचा आहे असं मला तिथे उभं राहून वाटलं, कारण उत्तरेची काळजी मिटली आणि विजापूरची सगळी फौज दक्षिणेकडे वळली. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे कर्नाटकात उतरले, बंगळूर घेतलं, एकेक नायक खंडणी देऊ लागला, आणि तिकडचा पैसा विजापूरला यायला लागला. घुमट याच वर्षांत उभा राहिला. म्हणजे याच्या विटा-चुन्यात शहाजीराजांच्या तलवारीने आणलेला पैसा थोडा तरी असणारच, हा माझा अंदाज, हिशोबाचा कागद कुठे दाखवता येणार नाही.

आणि मग तारखा जुळवत बसलो तर मज्जाच. १६४६ च्या सुमाराला मोहम्मद आजारी पडला आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं तो अंथरुणालाच खिळल्यासारखा होता. आता आपलं पुस्तक उघडा. तोरणा घेतला तो याच सुमाराला. मग कोंढाणा. १६४८ ला जिंजीजवळ शहाजीराजांना पकडलं, १६४९ ला कोंढाणा परत देऊन सोडवलं. मग काही वर्षं इकडे शांत. आणि १६५६ च्या जानेवारीत जावळी, पाठोपाठ रायगड. त्याच सालाच्या नोव्हेंबरात हा गेला. म्हणजे इथे गवंडी वीट वीट लावत घुमट वर नेत होते, सुलतान आजारी, दरबारात एकमेकांचे पाय ओढणं चालू, आणि तिकडे सह्याद्रीत आपला पहिला धडा लिहिला जात होता. चौथीत मी हे सगळं पाठ केलं होतं, पण विजापुरात तेव्हा काय चाललंय असा प्रश्न मला एकदाही पडला नाही, आणि शाळेत कुणी विचारलाही नाही. तो मेल्यावर तर औरंगजेबाने लगेच ओरड केली की नवा सुलतान अली हा मोहम्मदचा खरा मुलगाच नाही, आणि १६५७ ला चालून आला. मोहम्मदची विधवा बडी बेगम कारभार बघत होती. अफजलखान निघाला तो त्यानंतर, १६५९ ला.

असो, वर चढायचं होतं. जिने मिनारांमधून आहेत, अरुंद, वळणाचे, पायऱ्या गुडघ्याएवढ्या वाटतात आणि मधेमधे चक्क अंधार. दर मजल्यावर कमानीतून वारा येतो तेवढंच सुख. भाचा पुढे पळाला, मी तिसऱ्या मजल्यावर बसलो, मग पाचव्या, आणि एक आजी नऊवारीत मला मागे टाकून वर गेल्या, हे लिहायला नको होतं पण लिहितो.

वर गच्चीतून विजापूर पायाखाली दिसतं, आणि एका छोट्या दारातून आत गेलं की तो सज्जा. भाच्याला भिंतीला कान लावून उभं केलं आणि मी चालत बरोब्बर समोर गेलो, म्हणजे मधे ३८ मीटरची पोकळी, आणि भिंतीकडे तोंड करून अगदी हळू म्हणालो, "गणिताचा अभ्यास झाला का?" पलीकडून भिंतीतूनच उत्तर आलं, कानाशी, "मामा, सुट्टी आहे." आवाज भिंतीच्या गोलाईला धरून सरकत येतो, पसरून वाया जात नाही, म्हणून कुजबूजसुद्धा पोचते. टाळी वाजवली की सात वेळा ऐकू येते म्हणतात, काही जण दहा म्हणतात, मी सहापर्यंत मोजली आणि मग गोंधळ सुरू झाला.

कारण एक शाळेची सहल आली. आपल्याकडचीच, मराठी. साठ-सत्तर पोरं सज्ज्यात शिरली, आणि काय होणार ते आम्हाला माहीतच होतं. एकाने छाती भरून "छत्रपती शिवाजी महाराज की" म्हटलं आणि सगळ्यांनी जय म्हटलं. तो जय गेला, फिरला, परत आला, परत आला, परत परत आला, पोरं आपलाच आवाज ऐकून गप्प झाली तरी घुमट जय म्हणतच होता. खाली बरोब्बर मधे मोहम्मद आदिलशहाची कबर. मग पहारेकऱ्याने शिट्टी मारली, तर ती शिट्टीपण सात वेळा, आणि पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. माझा भाचाही ओरडला होता, अर्थातच. मीही. नंतर खाली वाकून त्या कबरीकडे बघितलं तर जरासं अवघडल्यासारखं झालं, म्हणजे पश्चात्ताप वगैरे नाही, पण कुणाच्या घरी जाऊन मोठ्याने बोलल्यावर होतं तसं.

खाली उतरून एका खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगाची चटणी खाल्ली, त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी. मग टांगा करून गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलुख मैदान तोफ बघायला. वाटेत बारा कमान आहे, मोहम्मदच्या मुलाची, अलीची कबर. बापाच्या वरताण करायला निघाला होता, नुसत्या काळ्या कमानीच उभ्या राहिल्या, वर आभाळ. त्याच्यानंतर सिकंदर, आणि १६८६ ला औरंगजेबाने विजापूर घेतलं, संपलं.

तोफ मात्र बघाच. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, मोहम्मद बिन हसन रूमी नावाच्या माणसाने. वजन ५५ टन म्हणतात. तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि त्या जबड्यात हत्ती चिरडतोय. १६३२ ला परांड्याहून ती इथे आणली, कुणी, तर परत तोच आपला मुरार जगदेव. उन्हातसुद्धा धातू थंड लागतो, आणि बोटाच्या पेराने टकटक केलं की घंटेसारखा बारीक नाद येतो. भाच्याने एवढ्यांदा वाजवली की टांगेवाला हाक मारायला लागला.

मी त्याला सांगितलं की इंग्रजांच्या काळात, १८५४ ला, ही तोफ भंगारात लिलावाला काढली होती, आणि सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची. तेव्हा कुणालातरी लाज वाटली असावी, लिलाव रद्द झाला.

"दीडशे?" तो म्हणाला. "मग आपल्यातल्या कुणी का नाही घेतली?"

"घेतली असती, पण ठेवायची कुठे?"

त्याने परतीच्या वाटेवर भीमेच्या पुलापर्यंत यावर विचार केला आणि मग म्हणाला, गच्चीवर, पण आजीच्या पापडांच्या जरा बाजूला.