वीतभर वाफा

श्रमदानाचा पहिला अर्धा तास बघण्यासारखा असतो. सार्वजनिक बाग ओसाड पडलेली, माणसं भरपूर आणि अवजारं मोजकी. ज्याच्या हाती कुदळ लागली तो राजा. उरलेल्यांनी घमेली उचलायची आणि सूचना करायच्या.

मला खुरपं मिळालं. तासाभरात मी अख्खा वाफा चकाचक केला, हिरवं म्हणून काही ठेवलं नाही. (त्यात आपसूक उगवलेली झेंडूची रोपंही गेली, हे नंतर कळलं.) शेजारच्या वाफ्यात एक आजी गोणपाटावर बसल्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांची जेमतेम वीतभर जागा झाली होती. खरं सांगायचं तर मला त्यांची कीवच आली.

पंधरा दिवसांनी गेलो तर माझा वाफा हिरवागार, आधीपेक्षा दाट! आजींची वीत मात्र काळीभोर.

"अरे, लव्हाळा आहे तो. वरून उपटून काय होतंय?" असं म्हणत त्यांनी खुरप्याचं टोक खोल घातलं आणि एक काळसर गाठ वर काढली. तिच्यामागून दोऱ्यासारख्या मुळाला लागलेली दुसरी आली, मग तिसरी. जमिनीखाली ही अशी माळच असते. एक गाठ फुटून वर आली की मागच्या बऱ्याचशा निजून राहतात. माळ तुटली की त्याही जाग्या होतात. म्हणजे तासभर घाम गाळून मी खुरपणी केलीच नव्हती. लावणी केली होती.

वर उपटलेलं सगळं, गाठींसकट, कंपोस्टवर टाकलेलं. ढीग 55-60 अंशांपर्यंत तापला तर तणाचं बी मरतं म्हणतात. आमचा ढीग गुडघाभर उंच. तो कसला तापतोय! लव्हाळ्याला आयती गादीच मिळाली.

"मग करायचं काय?"

"गाठ हाताला लागली तर काढायची. राहिली तर फुटेल, तेव्हा पुन्हा काढायची. पानं वाढूच द्यायची नाहीत. आत साठवलंय ते कधीतरी संपेलच की."

मी पलीकडे गोणपाट अंथरलं. आजींनी मध्ये एक जुना डबा ठेवला, गाठी टाकायला. उन्हं चढेपर्यंत माझ्या 41 झाल्या. आजींना त्यांच्या किती ते विचारलं, तर त्यांनी मोजल्याच नव्हत्या.