गेंडा दिवसभर करतो तरी काय?

लग्नाच्या पंगतीत, मिसळीच्या टेबलावर, जॉगिंग ट्रॅकवर, सगळीकडे एकच प्रश्न. "पुन्हा आसामला? पोबितोराच्या अभयारण्यात? तो गेंडा करतो तरी काय?" वर पुरवणी, "बिबट्या तर आपल्या निफाडच्या उसातही निघतो, फुकटात." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

काही करत नाही. सकाळी चरतो, ऊन चढलं की डबक्यात जाऊन पडतो, उन्हं कलली की पुन्हा चरतो. पाठीवर मैना. शेण टाकायला मात्र ठरलेल्या ढिगावरच येतो. कोण येऊन गेलं ते बाकीच्यांना वासावरून कळतं. शिकाऱ्यांनाही ती जागा कळते. पहिल्या खेपेला मीही कंटाळले होते. "म्हशीला चिलखत घाला, झाला गेंडा," असं म्हणून सोसायटीला हसवलंही होतं. आता तुम्ही तेच मला ऐकवता. माझंच मला परत.

दुसऱ्या खेपेला मादी डबक्यात होती, पिल्लू काठावर. अर्धा तास झाला तरी हालचाल नाही. ड्रायव्हरला म्हटलं, जरा पुढे घ्या. "बाइदेउ, नको," तो म्हणाला. बाइदेउ म्हणजे ताई. मी म्हटलं, पैसे मोजलेत आम्ही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जीप दहा-बारा हातच सरकली असेल. पण गेंड्याला दिसतं कमी, ऐकू फार येतं. चिखल निथळत ती एका झटक्यात उठली. पिल्लू उलट्या दिशेला, उंच गवतात पळालं. ती आमच्यावर आली, तोंड उघडं. हे गेंडे शिंगापेक्षा खालच्या दातांनी भांडतात, हे नंतर वाचलं. ड्रायव्हरने गाडी मागे दामटली. ती थबकली, वळली आणि गवताकडे नाक करून उभी राहिली. आतून पिल्लाचा बारीक आवाज येत होता. आम्ही निघालो. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "पैसे वसूल!"

सोळा महिने पोटात वाढवलेलं पोर. सापडलं असणारच, गार्डही तेच म्हणाला. मी पाहिलं नाही.

मग जातेस कशाला, असं लेक विचारते. जेमतेम ३८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, २०२२ च्या गणतीत १०७ गेंडे, त्यात आमच्या जीपा. तिचं खोटं नाही. तरी फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. हल्ली गाडी लांब उभी करायला लावते, इंजिन बंद. तासभर समोर तेच धूड, चिखलात. कान तेवढे हलतात.