आमची वाटचाल : जिप्सीच्या पाठीवर हौदा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या शेडमध्ये मूळ काम डेंटिंग-पेंटिंगचं. मारुती जिप्सीचा पिकअप करायचं काम आलं ते कुळागरवाल्यांकडून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा असणाऱ्यांकडून. सुपारी, नारळ, हंगामात काजूचे बोंडू, सगळं उतारावरून खाली आणायचं. वाट चिऱ्यांची, अरुंद आणि पावसात शेवाळलेली. मोठा पिकअप तिथे वळत नाही, जिप्सी वळते. मागची बाकं काढून पोती टाकली की माल येतो खरा, पण बोंडूंचा रस, चिखल आणि माणसं एकाच खोलीत. केबिन वेगळी, मागे माल टाकायचा उघडा हौदा वेगळा, एवढीच त्यांची मागणी होती.

ही कल्पना काही आमची नाही. सुझुकीने स्वतः एसजे ४१० या जीपचा पिकअप परदेशात विकला. आपली जिप्सी त्याच घराण्यातली: १९८५ च्या अखेरीस आली, ९७० सीसीच्या इंजिनाची, १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली. चाकांमधलं अंतर २३७५ मिमी, एकूण लांबी ४०१० मिमी, पुढे-मागे स्प्रिंगचे पाटे आणि खाली शिडीची चॅसिस, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा. या कामात सगळं या शिडीवर उभं आहे. जिप्सीत वजन चॅसिस पेलते, बॉडी वर बोल्टने बसवलेली असते. मारुती ८०० किंवा ओमनीत बॉडी हीच चॅसिस, म्हणून तिथे छत आणि मागचा भाग कापणं म्हणजे गाडीची कंबर मोडणं. ओमनीचा पिकअप करून द्या म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो. नव्या पाच दारांच्या जिम्नीलाही शिडीची चॅसिस आहे, पण तिच्या छताच्या कडेत पडदा एअरबॅग असतात, तिथे ग्राइंडर लावायचा नाही.

कागदांचं आधी सांगतो, कारण लोक ते शेवटी विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. खासगी गाडी मालवाहू करणं म्हणजे तर गाडीची जातच बदलणं. त्यामुळे आम्ही दोनच प्रकारची कामं घेतो: भाटाच्या, म्हणजे बागेच्या, आवारातच फिरणारी गाडी, किंवा आरटीओची लेखी परवानगी आधी हातात असलेली. ‘करून घेऊ, मग बघू’ या बोलीवर काम नाही. विमा कंपनीलाही कळवायचं, नाहीतर दाव्याच्या वेळी कागद आणि गाडी जुळत नाहीत.

आता काम. घरी करणाऱ्यांची समजूत अशी की कापणं हेच मोठं काम. सॉफ्ट टॉप जिप्सीत कापायला फारसं नसतंच. मागचं दार, त्याच्या दोन्ही बाजूंचे उभे पत्रे आणि बाकांचे ब्रॅकेट, एवढं अर्ध्या दिवसात निघतं. उरलेले दहा दिवस केबिन बंद करण्यात जातात, आणि गाडी चांगली की वाईट ते तिथेच ठरतं.

कापण्याआधी तीन गोष्टी. पहिली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर. ती मागच्या फ्लोअरखाली असते, ग्राइंडरच्या ठिणग्या थेट तिच्यावर. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. टाकी रिकामी केली म्हणजे काळजी मिटली असं समजू नका. दुसरी, बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची) गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, प्लगही. वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प नेहमी जोडापासून वीतभर अंतरावर, घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. चॅसिसच्या कडेने जाणारा ब्रेकचा पाइप आणि वायरिंग ओल्या गोणपाटाने झाकून घ्यायचं.

तिसरी गोष्ट टेके, म्हणजे कापताना बॉडी झुकू नये म्हणून लावायचे तात्पुरते आधार. पहिल्या गाडीला आम्ही टेके दिले नाहीत. वरचा सांगाडा आणि मागचे खांब निघाल्यावर दरवाज्यामागचा खांब ७ मिमी बाहेर झुकला आणि डावा दरवाजा खिट्टीला लागेना. नवी भिंत तोवर वेल्ड झाली होती. ती पुन्हा कापावी लागली. आता २५ × २५ मिमीचा चौकोनी पाइप काचेच्या खांबापासून दरवाज्यामागच्या खांबापर्यंत दोन्ही बाजूंना, आणि एक आडवा खांबापासून खांबापर्यंत. टेके आतल्या अंगाने लावायचे, म्हणजे दरवाजा दर टप्प्याला लावून-उघडून बघता येतो. दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पत्र्यावर खडूने लिहून ठेवायचे. फरक २ मिमीच्या वर गेला की हात थांबवायचा. भिंत पूर्ण थंड होऊन आकडे जुळेपर्यंत टेके काढायचे नाहीत.

कापताना १ मिमीची कटिंग व्हील, आणि रेषेच्या बाहेर २० मिमी पत्रा जादा. ही जादा पट्टी ठोकून वळवायची, तीच नव्या पत्र्याला बसायची जागा. रेषेवर कापलं तर धारेला धार वेल्ड करावी लागते, आणि ०.८ मिमीच्या पत्र्यावर ती जाळी होते. जिथे कंपनीचे स्पॉट (ठिपक्यांचे वेल्ड) आहेत तिथे कापू नका. ८ मिमीच्या ड्रिलने स्पॉट काढले की पत्रा आख्खा सुटतो.

साधं वेल्डिंग मशीन आणि २.५ मिमीचा रॉड घरोघरी असतो, गेट आणि मांडव त्यावरच होतात. बॉडीला तो चालत नाही. त्या रॉडला लागणारा करंट पातळ पत्र्याला भोकच पाडतो. बॉडीसाठी मिग, म्हणजे तारेचं वेल्डिंग मशीन, ०.८ मिमीची तार, १.२ मिमीच्या पत्र्यावर ६० ते ८० अँपिअर. सलग ओढायचं नाही. २५ मिमीचा टाका, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेवढाच, मग मधे. सलग वेल्ड मारलेली भिंत थंड झाल्यावर डब्यासारखी टक-टक वाजते, ती पुट्टीने सरळ होत नाही.

मागची भिंत १.२ मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची. उंची-रुंदी धरून सव्वा-दीड चौरस मीटर, म्हणजे १२ ते १४ किलो. सपाट पत्रा लावला तर गाडी चाळिशीला पोचली की केबिनचा ढोल होतो, म्हणून भिंतीत तीन आडव्या नळ्या दाबून घेतो. आधार ३८ मिमीच्या पाइपच्या कमानीचा. कमानीचे पाय फ्लोअरवर नुसते वेल्ड करायचे नाहीत. १०० × १०० × ४ मिमीच्या प्लेटवर उभे करून बॉडी माउंटजवळ (बॉडी चॅसिसवर बसते त्या जागेजवळ) बोल्टने कसायचे, खालून तेवढीच प्लेट. छताला आम्ही पत्रा घालत नाही. जुना कॅनव्हास अर्ध्यावर शिवून घेतो आणि भिंतीच्या डोक्यावर १५ मिमीची पन्हळ वळवतो, कॅनव्हासची कड त्या पन्हळीच्या पुढे उतरते. कड भिंतीवर नुसती चिकटवली की मृगाच्या पहिल्याच सरीला पाणी मानेवर येतं.

मागची काच टफन्ड, ५ मिमी. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की घासता-कापता येत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचं माप. भोकापेक्षा काच चारही बाजूंनी ५ मिमी लहान, कोपऱ्यांची गोलाई किमान ५० मिमी. त्याहून कमी असेल तर रबर कोपऱ्यात उचलतं आणि पाणी तिथूनच शिरतं. रबर आधी काचेला चढवायचं, बाहेरच्या खाचेत चार मिमीची नायलॉनची दोरी पूर्ण फिरवून दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून आणायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून तळहाताने दाब द्यायचा, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. स्क्रू-ड्रायव्हरने ओठ उचलायला गेलात की रबर फाटलंच समजा.

सुरुवातीला आम्ही हौदा वेगळा करून चॅसिसला बोल्टने बसवायचो. मोठ्या पिकअपला ते बरोबर आहे, चॅसिस पिळली तरी केबिन आणि हौदा आपापले हलतात. जिप्सी आखूड, वेगळ्या हौद्याची पुढची भिंत आणि मधली फट धरून चार इंच वाया जातात, वर नवे ब्रॅकेट. आता मूळ टबच, म्हणजे बॉडीचा मागचा खोलगट भागच, हौदा म्हणून ठेवतो, माउंट कंपनीचेच राहतात. याची किंमत म्हणजे तडे. केबिनची भिंत आणि हौद्याची बाजू जिथे काटकोनात भेटते, तिथे पहिल्याच पावसाळ्यानंतर केसासारखी चीर दिसू लागली. कारण सरळ आहे: चॅसिसची पिळण त्या एका कोपऱ्यात येऊन थांबते. तिथे ७५ मिमीची गोलाई दिली, आतून २ मिमीचा तिकोनी गसेट (आधाराचा पत्रा), आणि गसेटची टोकं मोकळी सोडली. टोकापर्यंत वेल्ड मारला तर चीर फक्त पुढे सरकते. चॅसिसला मात्र काहीही वेल्ड करायचं नाही, तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकही नाही.

हौद्याचा तळ हा नेहमीचा वाद. गिऱ्हाइकाला चेकर्ड प्लेट हवी असते, दिसायला दणकट. ३ मिमीची प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो. आपल्या हौद्याला २९-३० किलो. २ मिमीचा साधा पत्रा १८ किलोत होतो, आणि पोती ओढायलाही बरा. मत्तीच्या लाकडाच्या फळ्या टाकून मागणारेही आहेत. हरकत नाही, पण फळ्यांमध्ये ६ मिमी फट ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर त्या उचला. रबराची मॅट मात्र कधीच नको. खाली पाणी साचतं, वर कोरडं दिसतं.

हौदा आतून ४ फूट २ इंच लांब, चाकांच्या कमानींमध्ये ३ फूट आणि त्यांच्या वर ४ फूट रुंद. बघणाऱ्याला लहान वाटतो म्हणून भरतात काठोकाठ. हिशेब असा: जिप्सीची क्षमता माणसं धरून ५०० किलो. दोन माणसं वजा केली की साडेतीनशे. चिरा एक ३० किलोच्या वरच, म्हणजे दहा चिऱ्यांत कोटा संपला. ओली वाळू घनफुटाला ५० किलो, हौद्यात वीस घनफूट सहज मावते, तो झाला एक टन. म्हणून आतून, तळापासून ६ इंचांवर आम्ही पिवळी रेघ मारतो: वाळू-माती इथपर्यंतच. नारळांना रेघ लागत नाही, सोलले नसतील तर हौदा भरूनही वजन आटोक्यात राहतं.

‘मागे एक पाटा वाढवा’ ही दुसरी मागणी, तीही आम्ही टाळतो. जेवढं वजन काढलं तेवढंच घातलेलं असतं. पाटा वाढवला की रिकामी गाडी मागून उड्या मारते, ओल्या उतारावर ब्रेक लावताच मागची चाकं आधी अडकतात. पाटे बसले असतील तर सेट बदला, शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश बदला, यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झडप, खाली उघडणारा, तीन बिजागऱ्यांवर. दोनवर तो मधे पोट काढतो, कारण माल उतरवणारा माणूस त्यावर उभा राहणारच. साखळ्या ६ मिमीच्या, रबरी नळीतून ओवलेल्या, लांबी अशी की फाळका बरोबर आडवा थांबेल. स्टेपनी मूळ दारावर होती. ती केबिनच्या भिंतीला टेकवून उभी करायची. आठ इंच जातात, पण तोल बरा राहतो. सायलेन्सरचं तोंड हौद्याच्या कडेच्या बाहेर निघालंच पाहिजे. पूर्वी गाडी मागून बंद होती. आता भिंतीमागे हवेचा भोवरा होतो आणि आखूड पाइपचा धूर त्याबरोबर केबिनकडे येतो.

सगळ्यात जास्त परत आलेली कामं गंजाची. किनाऱ्याकडच्या गाडीत जोडांच्या आत मीठ असतं, डोंगराकडच्या गाडीत तांबडी माती, आणि ती माती स्पंजसारखी पाणी धरते. कापल्यावर पोकळ्या गोड्या पाण्याने धुऊन, हवा मारून, पूर्ण दिवस सुकवायच्या, मगच वेल्ड. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी झिंकचा वेल्डेबल प्रायमर. पावसाळ्यात घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो, म्हणून जेवढं घासलं तेवढ्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर आम्ही सुरुवातीला भागवलं. दोन पावसाळ्यांत जोडाच्या कडेने फुगे आले. पोकळ्यांत काळं इंजिन ऑइल ओतण्याची जुनी पद्धत आहे, पण ते झिरपून बॉडीचे रबर माउंट फुगवतं. कॅव्हिटी वॅक्स वापरा. हौद्याच्या चारही कोपऱ्यांत २० मिमीची भोकं, चॅसिसच्या बाहेर पडतील अशी. ती सुपारीच्या सालींनी आणि फणसाच्या पानांनी तुंबतात, तेव्हा जाळी बसवू नका. बोट घालून साफ करता येईल एवढं मोकळं भोक बरं.

घरी करणाऱ्यांना आता आम्ही भिंत, कमान आणि फाळका वळवून-दाबून तयार देतो, वेल्डिंग त्यांचं. माप मात्र त्यांच्या गाडीचं लागतं. दरवाज्यामागच्या दोन खांबांमधलं अंतर वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी घेऊन पाठवा. जुन्या जिप्सीत हे तीन आकडे सारखे आले, तर टेप परत एकदा धरून बघा.