बाबांना काही नैसर्गिक का दिलं नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, सावंतवाडीच्या स्टँडवर विचारलंत, बाबांना भेटायला आलात तेव्हा त्यांच्यासमोर विचारलंत. आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, मक्याच्या कणसाचे केस उकळून, गव्हांकुराचा रस, सकाळी एक शहाळं.

यातले निम्मे उपाय मुतखड्याचे आहेत. बाबांना मुतखडा नाही. मधुमेहाने त्यांच्या किडनीतल्या गाळण्या खराब केल्यात, तिथे ‘भरपूर पाणी प्या’ म्हटलं की पायांवर सूज चढते. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तुमची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. बाबांच्या रक्तात ते साठत जातं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्याकडे पालेभाजीसुद्धा आधी उकळतात, पाणी ओतून देतात आणि मग फोडणीला टाकतात. चव जाते. माहीत आहे.

बाबांना मात्र मी दोष देत नाही. त्यांच्या हातात आलेला आहाराचा कागद म्हणजे नुसती नकाराची यादी. केळं नको, टोमॅटो नको, डाळ बेताची, मीठ कमी, पाणी मोजून. जन्मभर मुलांना ‘हे करा’ सांगत आलेल्या मास्तरांना ‘काही करू नका’ हे औषध वाटेल कसं? तुम्ही त्यांना निदान काहीतरी घ्यायला देता. डॉक्टर फक्त काढून घेतात, असं ते मला म्हणालेही होते.

आता करंबळाचं. कापल्यावर चांदणी दिसते ते फळ, शहरात स्टारफ्रूट म्हणून महाग विकतात. आत्याच्या परसात झाड आहे. मधुमेहाला आणि किडनीला उत्तम, असं तिने कुठेतरी ऐकलं आणि पिशवी भरून घेऊन आली. “दादा, परसातला आसा. खत नाय, फवारो नाय.” बाबांनी दुपारी रस प्यायला, संध्याकाळी मीठ लावून फोडी खाल्ल्या. मी कामावर होतो. असतो तर अडवलं असतं का? नसतं. कागदावरच्या यादीत करंबळ नव्हतं.

रात्री उचकी लागली. आई म्हणाली, पुण्याची नात आठवण काढतेय. साखर दिली, पाण्याचे घोट दिले, श्वास रोखायला लावला. उचकी थांबेना. मग उलट्या. पहाटे बाबांनी मला काकांच्या नावाने हाक मारली आणि शाळेची किल्ली मागितली. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी किल्ली. साखर उतरली असेल म्हणून बोटाला टोचून पाहिलं, आकडा ठीक होता. गाडी काढली, गोव्याची वाट धरली. पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे त्यांना झटका आला. दात घट्ट मिटले, हात ताठ. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीत धरून एकच वाक्य म्हणत होती, “काल तर बरे होते.”

तिथल्या तरुण डॉक्टरणीने फाईल चाळली आणि विचारलं, “उचकी कधीपासून? काय खाल्लं होतं?” आईने सांगितल्यावर तिने लगेच डायलिसिसची तयारी करायला सांगितली. करंबळात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, २०१३ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. बाबा वाचले, त्यांना सगळं आठवायला लागलं. किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन, आधी २.९ होतं, ते मात्र नंतर ४.१ च्या खाली आलं नाही. ते करंबळामुळे की आजार तसाही त्याच वाटेवर होता, हे कुणी छातीठोक सांगत नाही.

त्यानंतर मी घरात वटहुकूम काढला. पान, मूळ, साल, रस, भस्म, काही म्हणजे काही नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये पारा असलेल्या देशी औषधांचा एका किडनीविकाराशी संबंध दाखवला, ती बातमी छापून फ्रिजवर चिकटवली. ‘आमच्या काढ्याने क्रिएटिनिन उतरलं’ म्हणणाऱ्यांना मी सांगायचो की माणूस जेवेनासा झाला, स्नायू झडले, तरी क्रिएटिनिन उतरतं. तेव्हाचा मी चुकीचं बोलत नव्हतो. पण त्या माणसाबरोबर जेवायला बसणं कठीण होतं, हे बायको आजही सांगते.

आणि बाबा मास्तर. मला गाठतातच. रक्तातलं आम्ल कमी करायला डॉक्टर त्यांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, म्हणजे आईच्या डब्यातला खाण्याचा सोडाच. किडनी हळू बिघडावी म्हणून डापाग्लिफ्लोझिन देतात. त्या जातीच्या औषधांचं मूळ फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेलं. हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. “मग तुझा डॉक्टर सालच देतो ना?” मी म्हणतो, मात्रा ठरलेली असते, हजारो रुग्णांवर तपासलेली असते. ते म्हणतात, वैद्य देतात ती पुनर्नवा वनस्पतीसुद्धा तपासा मग, कोण अडवतंय. इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आत्याला आम्ही करंबळाचं सांगितलेलं नाही. ‘रक्तात काहीतरी वाढलं होतं’ एवढंच तिला माहीत आहे. बाबांनीच शपथ घातली. त्यामुळे ‘काही नैसर्गिक का दिलं नाहीत’ हे तीही विचारते, तुमच्यापेक्षा जरा जास्तच, आणि तिच्यासमोर मला गप्प बसावं लागतं. ते सगळं तुमच्यावर निघतं, एवढं समजून घ्या.

आता डाव्या हातावर फिस्टुला करून ठेवलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शीर धमनीला जोडलीय. डायलिसिस कधी लागेल ते पुढचे रिपोर्ट सांगतील. बाबांच्या हट्टाखातर कुडाळच्या एका वैद्यांना कागद पाठवले. त्यांचा फोन आला. काढ्याचं नाव काढण्याआधी त्यांनी पोटॅशियमचा आकडा विचारला. पुनर्नव्यातही पोटॅशियम असतं, म्हणाले, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलतो. आजवर उपाय सुचवणाऱ्यांत हा आकडा विचारणारे ते पहिलेच. दोघांनी मिळून हो म्हटलं तर मी वटहुकूम मागे घेणार का, हे बाबा रोज विचारतात. अजून हो म्हटलेलं नाही.